खिशातील चिठ्ठी

परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांचे खिसे चाचपून पाहणे हे शिक्षकाच्या नशिबी आलेले एक अप्रिय कर्तव्य आहे. बाहीच्या दुमडीत, कंपासपेटीच्या तळाशी, बुटाच्या आत, इवल्याशा अक्षरांतला कागद कोठे सापडेल याचा नेम नसतो. ज्याला येत नाही तो चिठ्ठी बाळगतो, असा आमच्या व्यवसायातील एक पक्का सिद्धान्त आहे आणि शाळेच्या चार भिंतींत तो बहुधा खराही ठरतो. तथापि जगात एक परीक्षा अशी आहे, की जिच्यात उत्तम तयारी असलेल्या माणसानेही खिशात चिठ्ठी बाळगावी आणि वेळ येताच ती सर्वांसमक्ष वाचावी, अशी अपेक्षा असते. ती परीक्षा रुग्णालयात होते. तिचा अवधी काही मिनिटांचा असतो आणि तिचा निकाल परीक्षार्थीला नव्हे, तर समोर निपचित पडलेल्या रुग्णाला भोगावा लागतो.

या चिठ्ठीची ओळख मला एका जुन्या विद्यार्थिनीने करून दिली. ती येथे बडोद्यातच एका रुग्णालयात परिचारिका आहे. दिवाळीच्या भेटीस आली असता बोलता बोलता तिने पर्समधून तळहाताएवढे, प्लॅस्टिकचे वेष्टन चढवलेले एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. एका बाजूस बाणांनी एकमेकींस जोडलेल्या चौकटी होत्या आणि दुसऱ्या बाजूस औषधांची नावे व मात्रा. बंद पडलेले हृदय पुन्हा चालू करण्याच्या प्रयत्नांत कोणते काम कोणत्या क्रमाने करावयाचे, हे त्यावर छापले होते.

“सर, हे कार्ड आम्ही जवळ बाळगतो, पण बाहेर काढायची चोरी झाली आहे,” ती म्हणाली. मी कारण विचारले. काही महिन्यांपूर्वी रात्रपाळीत एका रुग्णाची हृदयक्रिया थांबली. पाळीवरच्या तरुण डॉक्टरांनी तिला कार्ड मोठ्याने वाचावयास सांगितले आणि त्याप्रमाणे सर्वांची धावपळ सुरू झाली. प्रयत्नांना यश आले नाही. दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांनी मात्र एवढेच पाहिले, की डॉक्टर चिठ्ठीवरून उपचार करीत आहेत. “याला काही येतच नव्हते, वाचून वाचून करीत होता,” असा गिल्ला झाला. “त्या दिवसापासून ते डॉक्टर कार्डाला हात लावायला कचरतात, सर. आणि चूक व्हायची भीती तर त्यामुळे वाढलीच आहे.”

तिचे हे शेवटचे वाक्य माझ्या मनातून जाईना. त्या नातेवाइकांचे दुःख खरे होते, यात शंका नाही. परंतु त्यांनी ज्या गोष्टीला अज्ञानाचा पुरावा मानले, ती वस्तुतः सावधपणाची खूण होती. हा गैरसमज आपणा सर्वांच्या घरात थोडाफार आहे. म्हणून आजचे हे पान त्या चिठ्ठीसाठी.

आधी शब्दांची थोडी उकल करू. हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन गोष्टी आपण बोलताना एकच समजतो. वैद्यकशास्त्रात त्या भिन्न आहेत. झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. माणूस घामाघूम होतो, छाती दाबून धरतो, परंतु बहुधा शुद्धीवर असतो. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा रक्ताभिसरणच थांबते आणि माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते, तशी इतर कारणांनीही ते उद्भवते. आपल्या वृत्तपत्रांत ‘हृदयक्रिया बंद पडून निधन’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे, की हृदयक्रिया बंद पडणे म्हणजे गोष्टीचा शेवट, असेच आपण धरून चालतो. परिचारिकेच्या दृष्टीने मात्र तेथून कामाला प्रारंभ होतो. मेंदूला रक्त न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत त्याची हानी होऊ लागते. ज्या प्रकारांत विजेच्या धक्क्याने हृदय पूर्ववत होऊ शकते, त्यांतही छातीवर दाब न दिल्यास वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते.

छातीवर बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे ज्ञान फार जुने नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन नावाचे विद्युत् अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. विजेचा धक्का लागून बंद पडलेले हृदय विजेनेच पुन्हा चालू करता येईल काय, याचा शोध ते घेत होते. कुत्र्यांवर प्रयोग चालू असताना गाय निकरबॉकर या त्यांच्या तरुण सहकाऱ्याच्या ध्यानी आले, की यंत्राचे जड इलेक्ट्रोड छातीवर दाबताच, वीज सोडण्यापूर्वीच, रक्तदाब किंचित वर चढतो. जेम्स ज्यूड या शल्यचिकित्सकाच्या साहाय्याने त्यांनी हा धागा पुढे नेला आणि १९६० साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी वर्णन केलेल्या २० रुग्णांपैकी १४ वाचले होते. तोपर्यंत अशा प्रसंगी छाती फाडून हृदय हाताने दाबावे लागे. आता दोन रिकामे हात पुरेसे झाले. सुमारे त्याच काळात, त्याच शहरात, पीटर साफार यांनी श्वासमार्ग मोकळा ठेवून तोंडाने श्वास देण्याची पद्धती प्रयोगांनी सिद्ध केली होती. या दोहोंच्या संगमातून आज ‘सीपीआर’ या नावाने ओळखली जाणारी क्रिया सिद्ध झाली आणि १९७४ साली तिचे नियम अमेरिकेत सविस्तर प्रसिद्ध झाले.

विद्या वाढली तशा तिच्या पायऱ्याही वाढल्या. रुग्णालयात केवळ दाब देऊन भागत नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या कार्डावर काय होते ते पाहा. छातीवर दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली किमान ५ सेंटिमीटर. श्वासनलिकेत नळी नसेल तर ३० दाबांमागे २ श्वास. दर २ मिनिटांनी हृदयाची लय तपासा आणि दाब देणारा माणूस बदला. ॲड्रेनॅलिन १ मिलिग्रॅम, दर ३ ते ५ मिनिटांनी. धक्क्याला दाद न देणाऱ्या लयीसाठी ॲमिओडॅरोन, प्रथम ३०० आणि नंतर १५० मिलिग्रॅम. कोणत्या लयीत विजेचा धक्का द्यावयाचा आणि कोणत्या लयीत देऊन उपयोग नाही, हेही चौकटी करून दाखविले होते. चित्रपटांत पडद्यावरची रेघ सरळ झाली की डॉक्टर धक्का देताना दाखवितात. प्रत्यक्षात त्या सरळ रेघेवर धक्क्याचा इलाज चालत नाही, तेथे दाब आणि औषध हाच मार्ग. सर्वांत खाली, शोधून दूर करता येतील अशा कारणांची यादी होती. रक्तस्राव, प्राणवायूची उणीव, रक्तातील आम्लता, पोटॅशियमचे कमी-अधिक प्रमाण, अंग अतिशय थंड पडणे, फुप्फुसाबाहेर कोंडलेली हवा, हृदयाभोवती साचलेले रक्त किंवा द्रव, विषबाधा, फुप्फुसात वा हृदयाच्या वाहिनीत अडकलेली गुठळी. इंग्रजीत यांतील पाच कारणे ‘एच’ अक्षरावर आणि पाच ‘टी’वर बसवली आहेत. स्मरणाच्या सोयीसाठी केलेली ही युक्ती आम्हां शिक्षकांच्या परिचयाची आहे.

आता प्रश्न असा, की हे सर्व डॉक्टर व परिचारिका शिकलेल्याच असतात. मग कागद कशाला?

याचे उत्तर मानवी स्वभावात आहे. शांत खोलीत बसून दहा कारणे सांगणे निराळे आणि मध्यरात्री सहा माणसांच्या गडबडीत, यंत्रांचे आवाज चालू असताना, नातेवाइकांचा आक्रोश कानी पडत असताना ती आठवणे निराळे. वर्गात कविता घडाघडा म्हणणारा मुलगा स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर दुसऱ्याच ओळीला थांबतो, हे आपण पाहिले आहे. त्याला कविता येत नव्हती असे कोणी म्हणत नाही. घाबरलेले मन पुढची पायरी गाळते, तीच पायरी दोनदा करते आणि विशेष म्हणजे, किती वेळ गेला हे त्याला कळत नाही. दोन मिनिटे होऊन गेली तरी अर्धे मिनिटच झाले असे वाटते.

हा धडा वैद्यकाच्या आधी वैमानिकांनी घेतला. १९३५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील ओहायो राज्यात बोइंग कंपनीचे एक नवे, चार एंजिनांचे मोठे विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळले. चालविणारा वैमानिक नवशिका नव्हता, चांगला अनुभवी होता. विमान जमिनीवर उभे असताना त्याची नियंत्रणे बांधून ठेवणारी कडी उड्डाणापूर्वी काढावयाची राहून गेली होती. या अपघातानंतर वैमानिकांना अधिक दिवस शिकवीत बसण्याऐवजी त्यांच्या हाती तपासणीची एक छोटी यादी देण्यात आली. पुढे तेच विमान हजारोंच्या संख्येने बनले आणि उडाले. आजही विमान सुटण्यापूर्वी वैमानिक यादी वाचतात आणि त्यावरून कोणी प्रवासी खाली उतरत नाही.

शस्त्रक्रियेच्या दालनात ही यादी नेण्याचे मोठे श्रेय ज्यांना दिले जाते, ते डॉ. अतुल गावंडे आपल्याला परके नाहीत. त्यांचा जन्म अमेरिकेतला. परंतु वडील डॉ. आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड परिसरातले, आणि आई गुजराती. त्यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ कलमांची एक यादी तयार केली. दिल्लीसह जगातील आठ शहरांमधील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहण्यात आली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. पुढे २०१३ साली गावंडे यांच्याच सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेतील आणीबाणीचे प्रसंग कृत्रिमरीत्या उभे करून १७ चमूंची परीक्षा घेतली. त्या प्रसंगांत हृदयक्रिया थांबण्याचाही समावेश होता. केवळ स्मरणावर विसंबले असता जीवरक्षणाच्या आवश्यक पायऱ्यांपैकी २३ टक्के पायऱ्या गळल्या. हाती यादी असता ६ टक्केच गळल्या. माणसे तीच, शिक्षण तेच, फरक एका कागदाचा.

मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक नाजूक होतो. मोठ्या माणसाची मात्रा ठरलेली असते. मुलाची वजनावरून काढावी लागते आणि निपचित पडलेल्या मुलाला काट्यावर कोण उभे करणार? अमेरिकेतील जेम्स ब्रोसलो नावाच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात यावर एक साधा तोडगा काढला. मुलाच्या उंचीवरून वजनाचा अंदाज बांधता येतो, हे ध्यानी घेऊन त्यांनी रंगीत पट्ट्यांची एक फीत केली. ती मुलाशेजारी पसरावी, टाच ज्या रंगावर येईल त्या रंगाच्या चौकटीतील मात्रा आणि नळीचे माप वाचावे. पावकी-निमकी तोंडपाठ असलेल्या माणसाचाही दशांशचिन्हाचा ठिपका अशा वेळी एक घर इकडचा तिकडे होऊ शकतो, आणि औषधाच्या बाबतीत एक घर म्हणजे दहापट. ती आकडेमोडच या फितीने टाळली.

येथे एखादा जुना वाचक मला अडवील. पोथीत राहिलेली विद्या ऐन वेळी कामास येत नाही, अशा अर्थाचे सुभाषित आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. आणि आता मुख्याध्यापकच कागदाची तरफदारी करू लागले! माझे म्हणणे असे, की सुभाषिताशी या कार्डाचा काही विरोध नाही. ज्याने छातीवर दाब देण्याचा सराव केलेला नाही, ज्याला हृदयाची लय ओळखता येत नाही, त्याच्या हाती हे कार्ड दिले तर तो ते वाचीत बसेल आणि रुग्ण दगावेल. कार्ड हे शिक्षकाची जागा घेत नाही. हात सरावाने तयार झालेले असावेत, कारणे अभ्यासाने समजलेली असावीत. क्रम, मात्रा आणि वेळ एवढ्यांचा भार मात्र स्मरणावरून उतरवून कागदावर ठेवावा. उत्तम कीर्तनकारालाही समोर टिपण ठेवण्याची लाज वाटत नाही. आख्यान त्याचे स्वतःचेच असते.

कार्डाच्या दोन मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली ही, की ते जुने होते. २००० सालच्या नियमांत व्हॅसोप्रेसिन नावाच्या औषधाला स्थान मिळाले होते. २०१५ साली ते काढून टाकण्यात आले. सरळ रेघेच्या अवस्थेत एके काळी नेहमी दिले जाणारे ॲट्रोपिन २०१० साली त्या क्रमातून वगळले गेले. १५ दाबांमागे २ श्वास हे प्रमाण २००५ साली ३० दाबांमागे २ असे झाले. म्हणून कार्डावर साल पाहावे, आणि जुने कार्ड जपून न ठेवता फाडून टाकावे. छापील अक्षराला वेदवाक्य मानण्याची आपली सवय येथे घातक ठरते.

दुसरी मर्यादा अशी, की खिशातले कार्ड पुष्कळदा खिशातच राहते. हात कामात गुंतलेले असताना वाचणार कोण? २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एक उपाय करून पाहिला गेला. चमूतील एका व्यक्तीला केवळ वाचकाचे काम दिले. तिने कार्ड हाती घ्यावे, पायऱ्या मोठ्याने वाचाव्यात, झालेल्या-राहिलेल्या कामांची आठवण द्यावी. वाचक नसताना गळणारी महत्त्वाची कामे वाचक असताना पार पडली. माझ्या विद्यार्थिनीला त्या रात्री डॉक्टरांनी नेमके हेच काम दिले होते. म्हणजे नातेवाइकांनी ज्याला अडाणीपणा म्हटले, ती त्या रात्रीची योग्य पद्धती होती. तरीही रुग्ण गेला. कारण ही विद्या मृत्यूवर हुकमत चालविणारी नाही. जेथे वाचण्याची संधी आहे तेथे ती आपल्या चुकीने दवडू नये, एवढेच ती पाहते.

आता आपल्या घरांविषयी दोन शब्द. डॉक्टरांचे कार्ड आपल्या कामाचे नाही; त्यातील औषधे आपण द्यावयाची नसतात. परंतु रुग्णवाहिका दारी येईपर्यंतची मिनिटे आपल्याच हाती असतात. सामान्य माणसास झेपेल अशी, केवळ छातीवर दाब देण्याची पद्धती भारतातील भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ साली प्रसिद्ध केली आहे. तिच्या आधारे घरासाठीही चार ओळींची चिठ्ठी करता येईल.

पहिली ओळ: माणूस कोसळल्यास खांदे हलवून मोठ्याने हाक मारा, प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर वेळ घालवू नका. मधूनमधून लागणारे आचके म्हणजे श्वास नव्हे.

दुसरी ओळ: १०८ किंवा ११२ वर फोन करा आणि स्पीकर चालू ठेवा. (१०८ ची सेवा २००५ साली हैदराबादेत सुरू झाली आणि २००७ पासून ती आपल्या गुजरातेतही आहे.) या ओळीखाली घराचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण लिहून ठेवा, घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही.

तिसरी ओळ: रुग्णाला सपाट, कठीण जमिनीवर उताणे निजवा. पलंग, गादी किंवा झोपाळा यांवर नव्हे. तोंडात पाणी घालू नका, कांदा हुंगवू नका.

चौथी ओळ: छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून, कोपर ताठ ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या गतीने ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, दुसरा माणूस असेल तर दर दोन मिनिटांनी पाळी बदला, मदत येईपर्यंत थांबू नका.

ही चिठ्ठी मराठीत लिहा आणि तिच्या शेजारी गुजरातीतही लिहा. आपल्याकडे दुपारच्या वेळी घरात आजी-आजोबा आणि कामाला येणाऱ्या बाई एवढेच असतात, आणि हाकेला धावून येणारे शेजारी बहुधा गुजरातीच वाचणारे असतात. अर्थात केवळ चिठ्ठी पुरे नाही, हे वर म्हटलेच आहे. हातांना सराव हवा. आपल्या मंडळांनी गणेशोत्सवातील एखादी संध्याकाळ यासाठी राखून ठेवली, एखाद्या डॉक्टरांना रबरी पुतळ्यासह बोलावले आणि सभासदांना गुडघे टेकून प्रत्यक्ष दाब द्यावयास लावले, तर कार्यक्रमपत्रिकेतील एक गाणे कमी झाल्याचे कोणास वाईट वाटणार नाही.

आणि एक विनंती. ईश्वर करो आणि आपणापैकी कोणावर तशी वेळ न येवो. परंतु रुग्णालयाच्या दाराशी उभे राहण्याचा प्रसंग आलाच, आणि आत कोणी हाती कार्ड धरून मोठ्याने वाचीत आहे असे दिसले, तर त्या आवाजात अडथळा आणू नका. शेजारी कोणी आवाज चढविला तर त्याला हळूच बाजूस घ्या. आत जे वाचले जात आहे, ते आपल्याच माणसासाठी वाचले जात आहे.